हिशेब विचारा : कोटीला कशानं भागायचं?

या खेपेला टपालात एकाच जातीची पत्रं जास्त आली. कुणाचा विषय अर्थसंकल्प, कुणाचा धरण, कुणाचा ऊस. दुखणं मात्र सगळ्यांचं एकच, आकडा ऐकू येतो पण डोक्यात उतरत नाही. मी सहकारी बँकेत कॅशच्या खिडकीमागं नोकरी केलेली बाई. गणिताची पदवी काही माझ्याकडं नाही. आकड्याची भीड कशी मोडायची ते तिथं शिकले, तेवढ्या भांडवलावर ही उत्तरं.

प्रश्न : अक्का, आमचा खानापूर तालुक्यात बायकांचा बचत गट आहे. गटाचं वर्षभराचं येणं-जाणं सहा लाखांच्या आसपास. ते मी वहीत लिहिते, पै न पै जुळवते. परवा मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आपल्या कर्नाटक राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प बघितला, तर ४,०९,५४९ कोटी! सहा लाख मला दिसतात, हे दिसतच नाही की हो. ह्याचं काय करायचं?
(गटाची हिशेबनीस, खानापूर तालुका)

उत्तर : बाई, दिसणार नाहीच. मलाही दिसत नाही, आणि ज्यांनी तो विधानसभेत मांडला त्यांना तरी दिसत असेल असं वाटत नाही.

आधी जिथवर दिसतं तिथवर जाऊ. बँकेत शंभर नोटांचं एक पाकीट करतात आणि अशा दहा पाकिटांचं एक बंडल. पाचशेच्या नोटा असतील तर एका बंडलात पाच लाख. म्हणजे तुमच्या गटाचं वर्ष हे एक बंडल आणि वर दोन पाकिटं, पिशवीत घालून बसनं नेता येतं. एक कोटी म्हणजे वीस बंडलं. एवढी टेबलावर रचलेली मी पाहिलेली आहेत, आणि खरं सांगते, पाहताना काही विशेष वाटत नाही. कोटीच्या नुसत्या नावाला जेवढा दरारा आहे तेवढा त्या ढिगाला नाही. त्याच्या पुढं मात्र डोळा हात टेकतो.

मग लोक नोटा जमिनीवर मांडायला लागतात. तेही करून बघू, कारण हिशेब सोपा पडतो. पाचशेची नवी नोट १५० मिलिमीटर लांब असते. एकापुढं एक ठेवत गेलं की एक लाखाची ओळ ३० मीटरची, एक कोटीची ३ किलोमीटरची. शंभर कोटींची ओळ ३०० किलोमीटर, म्हणजे बेळगावहून निघून पुण्याच्या थोडं अलीकडं. एक लाख कोटीची ओळ ३ लाख किलोमीटर. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. राज्याच्या अर्थसंकल्पाची ओळ होते सव्वाबारा लाख किलोमीटर. चंद्रावर जाऊन, परत येऊन, पुन्हा चंद्रावर जाऊन वर उरेल एवढी.

ऐकून "बापरे" म्हटलंत ना? आता मला सांगा, हे कळल्यावर अर्थसंकल्प जास्त आहे का कमी, ह्यातलं काही कळलं का? नाही. ह्या चंद्रापर्यंतच्या गोष्टी शाळेच्या फलकावर छान दिसतात, त्यांतून एक लाख कोटी आणि शंभर कोटी यांच्यातलं अंतर तेवढं लक्षात राहतं. हजार पट. टीव्हीवर दोन्ही आकडे एकाच आवाजात वाचतात, म्हणून ते लक्षात राहणंही कामाचंच. पण त्यावर हिशेब चालत नाही.

हिशेब चालतो भागाकारावर. राज्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६ कोटी ११ लाख होती. वर कोटी, खाली कोटी. कोटीला कोटी काटा, शून्यं मोजत बसू नका. राहिलं ४,०९,५४९ भागिले ६.११. आलं माणशी साधारण ६७,००० रुपये वर्षाला, दिवसाला १८४. आज माणसं वाढली आहेत, तेव्हा खरा आकडा याच्या थोडा खाली. आता तुमची वही काढा. गटात समजा वीस बायका असतील तर सहा लाखांचे माणशी ३०,००० होतात. बघा की, राज्याचा आकडा आणि तुमच्या गटाचा आकडा एकाच पाटीवर आले. एकीकडं तीस हजार, दुसरीकडं सदुसष्ट हजार. ह्या दोन आकड्यांत काही बापरे नाही, आणि आता तुम्ही विचारू शकता, आमच्या वाट्याच्या १८४ रुपयांत रोज रस्ता किती, दवाखाना किती, पगार किती, जुन्या कर्जाचं व्याज किती.

उलटाही हिशेब करता येतो. राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेत घरच्या कर्त्या बाईला मिळणारे महिन्याला २,००० रुपये म्हणजे एका बाईमागं वर्षाला २४,०००. दर एक कोटी बायकांमागं झाले २४,००० कोटी. अर्थसंकल्पाच्या शंभर रुपयांतले जवळजवळ सहा. योजना चांगली का वाईट यावर कट्ट्यावर भांडा, पण भांडण दर कोटी बायकांमागं सहा रुपयांवर आहे एवढं दोन्ही बाजूंना ठाऊक असू दे.

एक सावधगिरी. कशानं भागायचं ते नीट ठरवा. फलकावर लिहिलेलं असतं, "५० कोटींचा निधी मंजूर". तो सगळ्या राज्यासाठी असेल तर माणशी आठ रुपये. बेळगाव जिल्ह्यासाठी असेल तर, २०११ ची ४७ लाख ८० हजार लोकसंख्या धरून, माणशी १०५ रुपये. पाच हजार वस्तीच्या एका गावासाठी असेल तर माणशी एक लाख! फलक एकच, फोटोही तेच. फलक लावणारे "कुणासाठी" हे बहुधा बारीक अक्षरात लिहितात, तेवढं वाचायला थांबत चला.

प्रश्न : माझं सासर संकेश्वर, माहेर गोकाक. पावसाळ्यात आई-वडिलांच्या काळजीनं रोज बातमी बघते. "हिडकलमध्ये ४५ टीएमसी साठा, आवक ४० हजार क्युसेक, विसर्ग ३० हजार क्युसेक." यातलं घाबरायचं कशाला तेच कळंना झालंय.
(एक लेक, संकेश्वर)

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीएमसी म्हणजे साठा, क्युसेक म्हणजे वेग. बँकेच्या भाषेत पहिली शिल्लक, दुसरी जमा-खर्च.

एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसात सेकंद ८६,४००. त्यावरून सोपं कोष्टक निघतं, साधारण ११,५७४ क्युसेक पाणी दिवसभर वाहिलं की एक टीएमसी होतं. साडेअकरा हजार लक्षात ठेवा, पुरे.

आता तुमचे आकडे घालू. आवक ४० हजार, विसर्ग ३० हजार. धरणात दर सेकंदाला १० हजार घनफूट उरतंय, म्हणजे दिवसाला ०.८६ टीएमसी. घटप्रभा नदीवरच्या हिडकल धरणाची क्षमता ५१ टीएमसी. साठा ४५ असेल तर जागा राहिली सहाची. सहाला ०.८६ नं भागा, सात दिवस. पाऊस असाच राहिला आणि दरवाजे तसेच ठेवले, तर आठवड्यानं धरण काठोकाठ. पण धरणवाले काठोकाठ भरायची वाट बघत नाहीत आणि पाऊसही वेळापत्रक पाळत नाही. म्हणून शिल्लक ४५ का ४६ याच्याकडं रोज बघत बसू नका. घटप्रभेच्या काठच्या, म्हणजे तुमच्या माहेरच्या, माणसानं बघायचा तो विसर्ग, आणि तोही कालच्यापेक्षा किती वाढला ते. ३० हजाराचा ३२ झाला तर वेगळं, ३० चा एकदम ६० झाला तर वेगळं. तेव्हा आईला फोन करायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना हे मी सांगायला नको.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक टीएमसी नेमकं किती हे आता निघालंच आहे तर सांगते. लिटरमध्ये ते २,८३२ कोटी लिटर होतं. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावं असं सरकारी मानक आहे. ते सगळ्या बेळगाव जिल्ह्याला लावलं, खेड्यातल्यांनाही, तर रोजचे साडेचौसष्ट कोटी लिटर लागतील. एक टीएमसी जिल्ह्याला ४४ दिवस पुरेल. हिडकलचं सगळं पाणी नुसतं प्यायला-वापरायला ठेवलं तर सहा वर्षं!

मग उन्हाळ्यात घागरी रिकाम्या का? याचं उत्तर शेतात आहे. एकरात ४३,५६० चौरस फूट. त्या हिशेबानं एक टीएमसी म्हणजे जवळजवळ २३ हजार एकरांवर एक फूट उंचीचं पाणी. ऊस वर्षाला १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी पितो, पावसाचं धरून. मधला २,००० धरा, म्हणजे साडेसहा फूट. पावसानं अजिबात हात दिला नाही तर एका टीएमसीत साडेतीन हजार एकर ऊस निघेल, बस्स. सगळ्या जिल्ह्याचं ४४ दिवसांचं पाणी आणि साडेतीन हजार एकर ऊस, एकाच मापात. माझ्या भावाचाही ऊसच आहे, त्यामुळं यापुढं मी बोलत नाही.

प्रश्न : चिक्कोडी भागातला ऊसवाला आहे. आम्ही टनाला १०० रुपये जादा मागितले की कारखान्याकडून उत्तर येतं, "दहा कोटींचा बोजा पडतो, कुठनं आणायचे?" दहा कोटी ऐकलं की आमची माणसं गप्प होतात. हे खरं आहे का फसवाफसवी?
(एक शेतकरी)

उत्तर : दादा, आकडा खरा आहे. कारखान्यानं हंगामात दहा लाख टन ऊस गाळला आणि टनाला शंभर वाढवले तर दहा कोटीच होतात. फसवाफसवी आकड्यात नाही, ती एकक बदलण्यात आहे. तुम्ही टनात मागता आणि उत्तर कोटीत येतं. तुम्हीही कोटीत विचारा.

२०२४-२५ च्या हंगामाला केंद्रानं ठरवलेली एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच तो किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेला) क्विंटलला ३४० रुपये होती, म्हणजे टनाला ३,४००. दहा लाख टनांचं उसाचं बिल झालं ३४० कोटी. त्या ३४० कोटींवर हे दहा कोटी. शंभराला तीन रुपयेसुद्धा पुरते नाहीत. तुमचा ८० टन ऊस असेल तर बिल २,७२,००० आणि वाढ ८,०००. तिथंही शंभराला तेच तीन. बोजा तुम्हाला जेवढा हलका वाटतो तेवढाच तो त्यांच्या वहीत हलका आहे. पण तेवढाच जडही आहे, हेही ऐकून घ्या. ज्या धंद्यात शंभरामागं चार-पाच सुटतात तिथं तीन जाणं ही थट्टा नाही. किती सुटतात ते ताळेबंदात असतं. कारखाना सहकारी असेल आणि तुम्ही सभासद असाल तर ताळेबंद मागायचा हक्क तुमचा आहे.

आता साखरेच्या बाजूनं बघा. १०.२५ टक्के उतारा म्हणजे टन उसात १०२.५ किलो साखर. टनाला शंभर रुपये वाढले की किलो साखरेमागं पडतात ९८ पैसे. पुढच्या बैठकीत "दहा कोटी" आलं की "किलोला ९८ पैसे" म्हणा. दोन्ही बरोबरच आहेत. ऐकणाऱ्याच्या तोंडावर मात्र फरक पडतो. (तोडणी-वाहतूक ह्या हिशेबात धरलेली नाही, ते वेगळं दुखणं. त्यावर कधीतरी सबंध अंक लागेल.)

प्रश्न : आपल्या बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला किती माणसं येतात यावर आमच्या घरात पैज लागली आहे. भाऊ म्हणतो पाच लाख. मी म्हणते एवढी मावतील कुठं?
(कॉलेजची विद्यार्थिनी, शहापूर)

उत्तर : पोरी, तू निम्मी पैज जिंकलीस, कारण "मावतील कुठं" हाच खरा प्रश्न आहे.

अमेरिकेत १९६० च्या दशकात हर्बर्ट जेकब्ज म्हणून पत्रकारितेचे प्राध्यापक होते, बर्कलीला. त्यांच्या खिडकीखालच्या चौकात विद्यार्थ्यांच्या सभा व्हायच्या. चौकाच्या फरशीवर चौकोन आखलेले होते. त्यांनी एका चौकोनात किती माणसं मावतात ते मोजलं आणि चौकोनांनी गुणलं. त्यातून निघालेला ठोकताळा आजही वापरतात. सैल गर्दीत माणशी दहा चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि हात हलवायला जागा नाही अशा गर्दीत अडीच.

आपला रस्ता घेऊ. मिरवणुकीचा समजा दोन किलोमीटरचा टप्पा, रस्ता ४० फुटी. दोन किलोमीटर म्हणजे ६,५६० फूट. चाळीसनं गुणलं की दोन लाख ६२ हजार चौरस फूट. साडेचारनं भागलं तर ५८ हजार माणसं. अडीचनं भागलं, म्हणजे सगळा रस्ता खांद्याला खांदा, तरी एक लाख पाच हजार. आणि त्यात चित्ररथांना जागाच ठेवलेली नाही! तेव्हा एका क्षणाला पाच लाख माणसं त्या रस्त्यावर उभी राहू शकत नाहीत. गच्च्या, गॅलऱ्या, बोळ धर, तरी नाही. शिवाय २०११ ला महापालिका हद्दीची लोकसंख्याच ४ लाख ८८ हजार होती. पाच लाख म्हणजे तान्ही पोरं आणि दवाखान्यातले रोगीसुद्धा रस्त्यावर.

पण भावालाही एक बाजू आहे. मिरवणूक रात्रभर चालते. येळ्ळूर, कडोली, हिंडलगा, कुठून कुठून माणसं येतात, दोन तास बघतात, जातात, त्यांच्या जागी दुसरी येतात. रात्रीतून एका जागी अशा तीन पाळ्या झाल्या तर लाखाची तीन लाख होतील. म्हणून आधी विचारायचं, एका वेळी किती का रात्रभरात किती? बातमीत हे कधी लिहीत नाहीत. पैज कशावर लावली होती ते आधी ठरवा, मग पैसे मागा.

प्रश्न : मोबाइलवर मिलियन, बिलियन येतं. आपलं किती?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन शंभर कोटी, ट्रिलियन एक लाख कोटी. जगाची लोकसंख्या २०२२ च्या नोव्हेंबरात आठ बिलियन झाली असं संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं, ती आपली ८०० कोटी. डॉलरचा आकडा असेल तर त्या दिवसाच्या भावानं गुणायला विसरू नका. बातम्यांत निम्मे घोटाळे तिथंच होतात.

प्रश्न : मी सहावीत आहे. मला एक ते एक कोटी मोजायचं आहे, तोंडानं. किती दिवस लागतील? बाबा म्हणतात चार महिने.
(एक विद्यार्थी, बेळगाव तालुका)

उत्तर : बाळ, बाबांनी सेकंदाला एक आकडा धरलेला दिसतो. एक कोटी सेकंद म्हणजे ११६ दिवस, चार महिन्यांना थोडे कमी. पण ते न झोपता, न जेवता! दिवसाला आठ तास मोजलंस तर ३४७ दिवस.

आणि सेकंदाला एक होणारच नाही. "सात" म्हणायला वेळ लागत नाही. आता मोठ्यानं म्हण बघू, "सत्त्याण्णव लाख अठ्ठ्याऐंशी हजार सातशे त्रेपन्न". घड्याळ लावून बघ, चार-पाच सेकंद सहज जातात. तू म्हणशील असे लांबलचक आकडे शेवटी शेवटी येतील. तिथंच तर गंमत आहे. एक कोटीपर्यंतच्या आकड्यांत दहा लाखांच्या खालचे फक्त दहा लाख. उरलेले नव्वद लाख आकडे सात अंकीच आहेत, जवळजवळ सगळे असेच लांब. म्हणजे शंभरातले नव्वद आकडे जीभ वळवणारे. पाच सेकंदाला एक धरला आणि रोज आठ तास मोजलंस तर पावणेपाच वर्षं लागतील. तू अकरावीत जाशील.

लाखापर्यंत मोज. तिथंही शंभरातले नव्वद आकडे पाच अंकी आहेत, पण ते तीन सेकंदांत होतात. रोज दोन तास बसलास तर ४२ दिवस. एप्रिल-मेच्या सुट्टीत बसतं. कुठं थांबलास ते रोज वहीत लिहून ठेव, आणि घरातल्यांना विचारून सुरू कर, कारण ऐकायचं त्यांना आहे.